गावची शाळा नव्याने बांधताय? इस्टिमेट होण्याआधी हे वाचा

शाळेला नवी इमारत मंजूर झाली की सोबत तयार नकाशाही येतो. आपल्या बेळगाव जिल्ह्यात तोच नकाशा कणकुंबीला आणि तोच अथणीला. कणकुंबीकडे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, अथणीत जेमतेम पाच-सहाशे. एकीकडे मुलं जुलैत ओल्या भिंतीला टेकून बसतात, तर दुसरीकडे मार्चमध्ये स्लॅबखाली भाजून निघतात. नकाशाला त्याचं काही नाही.

आमच्या खानापूर तालुक्यातल्या गावात मी शाळा सुधारणा समितीवर होतो तेव्हा मराठी प्राथमिक शाळेचं बांधकाम पायापासून कौलापर्यंत पाहिलं. आता आजूबाजूच्या गावचे लोक विचारायला येतात, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: "सोलर कितीचं बसवायचं?" सोलर शेवटी येतं, म्हणून या लेखातही ते शेवटीच आहे. शाळा दिवसा चालते. दिवसा चालणाऱ्या इमारतीला वीज लागावी की लागू नये हे दिशा, छज्जा, खिडक्या आणि छप्पर या चार गोष्टींवर ठरतं. कागद तयार होण्याआधी बोललात तर यातल्या बहुतेक गोष्टी जवळपास फुकट होतात. नंतर बोललात तर "मंजुरीत नाही" हे उत्तर तयार असतं.

आणखी एक प्रश्न हमखास येतो. सरकारी शाळांना वीज-पाणी मोफत देण्याचं कर्नाटक सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलंय, मग वाचवायची कुणासाठी? बिलाचं सोडा. आपल्याकडे पावसाळ्यात लाईट जाते. झाड पडलं की दोन-दोन दिवस येत नाही. त्या दिवशी वर्गात फळा दिसतो का, एवढंच बघा.

१. आधी जागा कागदावर कुणाची आहे ते बघा

हे कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त कामं इथेच अडतात. आपल्याकडच्या बऱ्याच शाळा गावकऱ्यांनी तोंडी दिलेल्या जागेवर उभ्या आहेत. देणारा गेला, उताऱ्यावर नाव त्याच्या मुलांचं, आणि मुलं पुण्याला. खानापूरच्या पश्चिमेला वनखात्याचीही हद्द लागते. भीमगड २०११ मध्ये अभयारण्य झाल्यापासून त्या बाजूच्या गावांनी तर वनखात्याचा कागद हातात आल्याशिवाय चरसुद्धा मारू नये.

फाईलमध्ये एवढं ठेवा:

- जागेचा चालू उतारा (आरटीसी) आणि मोजणीचा नकाशा
- दानपत्र किंवा बक्षीसपत्र. नसेल तर आधी ते करून घ्या
- शाळा सुधारणा समितीचा ठराव आणि ग्रामपंचायतीचा ठराव
- जुनी इमारत धोकादायक असल्याचा इंजिनिअरचा दाखला, आणि पाडायची लेखी परवानगी
- शाळेचा यू-डायस क्रमांक (सरकारी नोंदीतला शाळेचा नंबर) आणि इयत्तावार पटसंख्या
- हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, बिलावरचा आर. आर. नंबर (वीज जोडणीचा क्रमांक)
- जुन्या इमारतीचे तारखेसह फोटो

अर्ज मराठीत लिहायला हरकत नाही, पण सोबत कन्नड प्रत जोडाच. टेबलावरचा माणूस ती वाचतो आणि फाईल पुढे जाते. प्रत्येक कागदावर पोचपावतीचा शिक्का घ्या.

जुनी शाळा पाडताना सागवानी वासे, कौलं, दगड यांची यादी करून लिलावाची रीत विचारून घ्या. चांगला घडीव दगड नव्या पायात वापरायचा असेल तर तसं आधीच लिहून मागा, नाहीतर एका रात्रीत तो कुणाच्या तरी गोठ्याला लागलेला दिसतो.

२. जागेवर उभं राहून चार गोष्टी लिहून काढा

लागणारी अवजारं घरचीच: मापाची टेप, मोबाईलमधलं होकायंत्र, वही आणि छत्री. छत्री अशासाठी की हे काम जोराच्या पावसात करायचं आहे.

पाऊस कुठल्या बाजूने मारतो, पाणी कुठून येऊन कुठे साचतं, सकाळी दहाला आणि दुपारी तीनला कुठल्या झाडाची सावली कुठे पडते, आणि मुरमाखाली काय आहे, हे लिहा. शेवटच्यासाठी तीन-चार फुटांचा खड्डा मारून बघा. काळी माती लागली तर ती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातलात तर भिंतीही भेगाळतील. तांबडी माती किंवा चिऱ्याचा (जांभ्या दगडाचा) थर असेल तर अर्धी चिंता मिटली.

३. इमारत पूर्व-पश्चिम लांब ठेवा

लांब बाजू उत्तर आणि दक्षिणेला, आखूड बाजू पूर्व-पश्चिमेला, असा आयत आखा. खिडक्या उत्तर-दक्षिणेला. पश्चिमेच्या भिंतीत शक्यतो खिडकी नको, कारण दुपारी तीननंतरचं तिरपं ऊन कुठल्याच छज्ज्याला दाद देत नाही, आणि पावसाचा मारही मुख्यतः त्याच बाजूने येतो.

दक्षिणेचं ऊन मात्र आवरता येतं. बेळगाव साधारण १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात खाली असतो तेव्हाही, दुपारी तो ५१ अंशांच्या आसपास वर असतो. त्यामुळे २ फुटांचा छज्जा त्या दिवशी भरदुपारी खिडकीवर जवळजवळ अडीच फूट सावली पाडतो, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात तोच छज्जा ७ फुटांपर्यंत झाकतो. थंडीत थोडं ऊन आत आलं तर बिघडत नाही. डिसेंबरच्या सकाळी मुलं आपणहून उन्हाची जागा धरतात.

मेच्या पहिल्या आठवड्यात सूर्य डोक्यावर येतो आणि नंतर ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडे असतो. पण एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यापासून मेअखेरपर्यंत शाळेला सुट्टी, आणि जून-जुलै ढगांचे. म्हणून उत्तरेला दीड फुटांचा छज्जा पुरे, तोही उन्हापेक्षा पावसासाठी.

जागाच उत्तर-दक्षिण लांब असेल तर? वर्गांची रांग मोडा. एका लांब रांगेऐवजी दोन छोटे तुकडे मागे-पुढे ठेवा आणि मध्ये अंगण सोडा. परिपाठालाही जागा होते.

४. खानापूर, जांबोटी पट्टा: मुख्य भांडण ओलीशी

पुस्तकातली पर्यावरणपूरक इमारत म्हणजे उष्णतेपासून बचाव. आमच्या पट्ट्यात शाळा भरते तो बहुतेक काळ पावसाचा आणि थंडीचा. इथे वर्गाला छळतात ते ओल आणि अंधार.

जोतं अडीच फूट घ्या. जोत्यावर ओल अडवणारा थर (डीपीसी) सलग आणि पूर्ण रुंदीचा पडतोय की नाही हे समितीच्या माणसाने स्वतः उभं राहून बघावं. तो एकदा भिंतीखाली गेला की पुन्हा कुणाला दिसत नाही, आणि कंत्राटदाराला हे चांगलं माहीत असतं. इमारतीभोवती ३ फूट फरसबंदी आणि तिच्या कडेला पागोळ्यांचं पाणी झेलणारी बांधीव चर करा. फरसबंदी नसेल तर पागोळ्यांनी उडालेला तांबडा चिखल दोन पावसाळ्यांत खिडकीपर्यंतची भिंत रंगवतो.

भिंतीला चिरा घ्या. जवळ मिळतो, भट्टीत भाजावा लागत नाही, ट्रकचं भाडंही वाचतं. पण खाणीतून काढलेला ताजा चिरा मऊ असतो. हवेत राहिला की कडक होतो. म्हणून तो दिवाळीनंतर आणून रचून ठेवावा आणि मग वापरावा. पांढरट मातीचे ठिपके जास्त असलेला चिरा भुसभुशीत निघतो, तो गाडीतून उतरवतानाच परत पाठवा. बाहेरून गिलाव्याची गरज नाही, दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरून घेतल्या की झालं. मात्र छपराची पाख (उतरती बाजू) भिंतीच्या निदान ३ फूट बाहेर हवी, नाहीतर उघडा चिरा पाणी पीत राहतो.

दक्षिणेला, आणि जमलं तर पश्चिमेच्या टोकालाही वळवून, ८ फूट रुंद पडवी द्या. पडवीत मुलांच्या उंचीवर खुंट्या ठोका. ही दोन-चारशे रुपयांची गोष्ट कुठल्याही इस्टिमेटमध्ये नसते. तीस मुलांचे ओले रेनकोट आणि छत्र्या वर्गाच्या कोपऱ्यात ठिबकत असतील तर आठ दिवसांत खोलीला कुबट वास येतो, खडू फळ्यावर घसरतो आणि वह्यांची पानं मऊ पडतात. खुंट्यांखाली बाहेर उतार दिलेली अरुंद चर आणि शेजारी चपलांची फळी केली की ओल दारातच थांबते.

पुस्तकांचं कपाट पश्चिमेच्या भिंतीला कधीही लावू नका. आतल्या भिंतीला, चार इंच सोडून लावा.

५. उजेड: खिडकी किती, हे नाही; किती उंच, हे महत्त्वाचं

खिडकीची वरची कड जमिनीपासून जेवढी उंच, त्याच्या साधारण दुपटीपर्यंत कामाचा उजेड आत पोचतो. लिंटल (खिडकीवरची आडवी पट्टी) ७ फुटांवर असेल तर १४ फूट. खोली २० बाय २० ची आणि खिडक्या एकाच बाजूला असतील तर शेवटची रांग अंधारात. दोन्ही बाजूंना खिडक्या असतील तर खोली भरून उजेड मिळतो. लिंटल अर्धा-पाऊण फूट वर सरकवता आली तर आणखी उत्तम.

पडवीमुळे दक्षिणेचा उजेड कमी होतो, हे खरं. त्यावर उपाय म्हणजे पडवीचं छप्पर मुख्य छपरापेक्षा दीड-दोन फूट खाली घ्यायचं आणि मधल्या पट्टीत झरोके ठेवायचे. उजेडही येतो आणि वर साठलेली गरम हवाही निघून जाते. इंजिनिअर याला नाही म्हणत नाहीत, फक्त कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

कौलारू छप्पर असेल तर काचेची कौलं विसरू नका. उत्तरेच्या पाखीवर प्रत्येक वर्गाला चार-पाच बसवा. दक्षिणेच्या पाखीवर बसवलीत तर उन्हाचा कवडसा दिवसभर मुलांच्या वहीवरून फिरत राहतो.

फळा पूर्वेच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीवर, खिडक्या मुलांच्या बाजूंना. खिडकीच्या भिंतीवर फळा लावला की डोळे दिपतात आणि अक्षर दिसत नाही. खिडकीचा ओटा अडीच फुटांवर ठेवा, म्हणजे पहिलीच्या मुलालाही बाहेरचं झाड दिसेल. खिडक्या-दारं-झरोके मिळून खोलीच्या क्षेत्रफळाच्या साधारण एक पंचमांश उघडं असू द्या.

आणि रंग. बाहेरून रेल्वेचा डबा रंगवा नाहीतर विमान, हौसेला मोल नाही. पण आतून आढं पांढरं आणि भिंती फिक्या. कमरेइतका गडद पट्टा मळ लपवण्यापुरता चालेल, त्याच्या वर नको. लिहा-वाचायला साधारण ३०० लक्स (हे उजेडाचं माप) उजेड लागतो. मोबाईलवरचं ॲप ढोबळ अंदाज देतं. ढगाळ दिवशी शेवटच्या बाकावर ठेवून बघा.

६. छप्पर

पावसाच्या पट्ट्यात माझं मत कौलालाच. खानापूर तालुक्यात कौलांची आणि कुंभारकामाची जुनी परंपरा आहे, गवंड्यांचा हात बसलेला आहे. उतार ३० अंशांच्या जवळ ठेवा. लाकडाला वाळवी लागते, म्हणून छप्पर पेलणाऱ्या कैच्या लोखंडी पाइपांच्या करा. वानरांचा त्रास असेल, आणि असतोच, तर खाली सीलिंग कौलांचा दुसरा थर द्या. वरचं कौल फुटलं तरी पाणी थेट मुलाच्या डोक्यावर येत नाही आणि उन्हाळ्यात खोलीही थंड राहते.

पत्रा स्वस्त पडतो, दोन दिवसांत चढतो. पण आषाढातल्या सरीत पत्र्याखाली बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंत पोचत नाही. वर्गावर पत्रा नकोच. सायकलींच्या शेडवर घाला.

स्लॅबच मंजूर असेल आणि बदलता येत नसेल तर तो थोडा उताराचा मागा आणि वर अँगलवर कौलं किंवा पत्रा चढवायची सोय आत्ताच ठेवून घ्या. स्लॅब गळायला लागल्यावर सगळे तेच करतात, तेव्हा भोकं पाडून करतात. स्लॅब आणि वरचं छप्पर यांत मोकळी हवा खेळली की खोलीही तापत नाही.

७. अथणी, रामदुर्ग, सौंदत्तीकडच्या मंडळींसाठी

तुमचं गणित उलटं. पाख कमी चालेल, भिंत जाड हवी. गोकाक-रामदुर्गकडे वालुकाश्म आहे, चिकोडी-निपाणी-अथणीकडे काळा पत्थर. जवळचा दगड वापरा. विटाच घ्यायच्या असतील तर रॅट-ट्रॅप पद्धतीची भिंत विचारा. त्यात विटा उभ्या धरून मध्ये पोकळी ठेवतात, विटा साधारण पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे उष्णता आत यायला वेळ लागतो. लॉरी बेकर यांनी केरळात ही पद्धत आणि फिलर स्लॅब, म्हणजे स्लॅबच्या खालच्या भागात कौलं घालून काँक्रीट वाचवायची युक्ती, दोन्ही रूढ केल्या. फिलर स्लॅबसाठी सळईचं आरेखन मात्र इंजिनिअरचंच हवं. गवंड्याच्या अंदाजाने तो कधीही घालू नका.

साध्या स्लॅबवर पांढऱ्या टाइल्सच्या तुकड्यांचा थर द्या. तेवढे पैसे नसतील तर दर फेब्रुवारीत चुन्याचे दोन हात. पश्चिमेला करंज, कडुनिंब लावा, इमारतीपासून वीसेक फूट सोडून. निलगिरी नको.

८. इस्टिमेटच्या टेबलावर

बांधकाम पंचायत राज इंजिनिअरिंग विभाग, सार्वजनिक बांधकाम खातं किंवा निर्मिती केंद्र यांपैकी कुणाकडे आहे ते आधी विचारा. निर्मिती केंद्रं कमी खर्चाच्या बांधकाम पद्धती पसरवण्यासाठीच निघाली, त्यामुळे चिरा, फिलर स्लॅब, मातीचे दाबलेले ब्लॉक असं काही मागितलं तर तिथे निदान विषय समजतो.

खरी अडचण दरपत्रकाची. ज्या वस्तूचा दर सरकारी दरसूचीत आहे ती इस्टिमेटमध्ये सहज बसते. नसलेल्या वस्तूला वेगळं दर-विश्लेषण आणि कोटेशन लागतं, आणि ते करायचा कुणालाच उत्साह नसतो. म्हणून मागण्या दोन गटांत मांडा. दिशा, जोत्याची उंची, छज्जा, झरोके, खिडक्यांच्या जागा, रंग यांना वेगळा दर लागत नाही. त्यांचा आग्रह धरा. काचेची कौलं, खुंट्या, कमी विजेचे पंखे हे माजी विद्यार्थी, देवस्थान कमिटी, आमदार-खासदार निधी यांतून वेगळं उभं करा. कंपाउंड, किचन शेड, मैदान ही कामं रोजगार हमीतून झालेली आहेत. चालू वर्षी काय बसतं ते ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओ) विचारा.

कुणी "ग्रीन सर्टिफिकेट" मिळवून देतो म्हणून फी मागेल. 'गृह' (GRIHA), आयजीबीसी यांच्या पर्यावरणपूरक इमारतींसाठीच्या मानांकन पद्धती चांगल्या आहेत, पण चार वर्गांच्या शाळेने तो खर्च करू नये. ऊर्जा संवर्धन इमारत संहिता १०० किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या जोडभाराच्या इमारतींसाठी आहे. गावच्या शाळेचा तिच्याशी संबंध येत नाही.

शिक्षण हक्क कायद्याची यादी मात्र टाळता येत नाही: शिक्षकामागे एक वर्ग, मुलामुलींची वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं पाणी, स्वयंपाकघर, अडथळ्याविना प्रवेश, मैदान, कुंपण. कुंपण झाडांचंही चालतं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. रॅम्पचा उतार १२ फुटांना १ फूट यापेक्षा जास्त नको. अडीच फूट जोत्याला ३० फूट रॅम्प लागतो, त्याची जागा नकाशातच सोडा.

९. पाणी, संडास, स्वयंपाकघर

१०० चौरस मीटर छपरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०० लिटर पाणी. थोडं वाया जातं म्हणून ८० धरा. अथणीकडे ५०० मिलिमीटर पावसात ४०,००० लिटर होतात. तिथे टाकी बांधाच, आणि पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्यायचा व्हॉल्व्ह ठेवा. आमच्याकडे जुलैत टाकीला कोण विचारतो. इथे ते पाणी विहिरीशेजारी जिरवा, मार्चमध्ये विहीर जरा जास्त दिवस साथ देते.

संडासाचे खड्डे विहीर-बोअरपासून निदान १५ मीटर लांब. स्वयंपाकघर वर्गांच्या उत्तरेला, सुटं. पावसाळ्यातला वारा पश्चिमेचा आणि थंडीतला पूर्वेचा, त्यामुळे उत्तरेला ठेवलं की फोडणीचा खकाणा सहसा वर्गात शिरत नाही. भांडी धुतलेलं पाणी केळीला.

१०. आता वीज आणि सोलर

जुना पंखा ७५ वॅट घेतो, कमी विजेचा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. जुनी ट्यूब चोकसह ५० वॅट, एलईडी २०. चार पंखे आणि चार ट्यूब सहा तास चालल्या तर जुन्या सामानाने वर्गाला रोज ३ युनिट, नव्याने सव्वा युनिटच्याही आत. खिडक्या नीट असतील तर त्यातलंही निम्मं लागत नाही. खिडकीकडच्या दिव्यांचं आणि मधल्या दिव्यांचं बटण वेगळं ठेवा, नाहीतर एका कोपऱ्यातल्या अंधारासाठी सगळा वर्ग पेटतो.

सोलरला १ किलोवॅटमागे साधारण १०० चौरस फूट सावली नसलेली जागा लागते. तोंड दक्षिणेला, कल १५ अंशांच्या आसपास. चांगल्या उन्हात दिवसाला ४ युनिट, जुलैत त्याच्या कितीतरी कमी. सगळ्यात मोठा सापळा हा: बॅटरी नसलेलं, नेट मीटरचं ऑन-ग्रिड (थेट वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं) सोलर हेस्कॉमची लाईट गेली की स्वतःही बंद पडतं. तारेवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक लागू नये म्हणून ते तसंच बनवलेलं असतं. "सोलर असून अंधार कसा?" ही तक्रार याचमुळे. लाईट जाणाऱ्या गावाने बॅटरीची लहान हायब्रिड जोडणी घ्यावी. दिवे, पंखे, एक कॉम्प्युटर आणि पाण्याचा फिल्टर चालला तरी बास. बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते, तिचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला टाका. अर्थिंग आणि वीजरोधक (आभाळातल्या विजेपासून वाचवणारा) विसरू नका, माळावरच्या शाळेला तर नाहीच.

११. ताबा घेण्याआधी

खरा ताबा पावसाळ्यात घ्या. कंत्राटदार मार्चअखेर किल्ली द्यायची घाई करतो, बिलाची वेळ असते. किल्ली घ्या, पण ताब्याच्या कागदावर गळती-ओलीची हमी किती दिवसांची ते लिहून घ्या, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या सरीत हेडमास्तर, समितीचे दोघे आणि पंचायतीचा एक सदस्य असे मिळून प्रत्येक खोलीत फिरा. कौलाची जोड, खिडकीचा वरचा कोपरा, पडवी आणि भिंत मिळते ती रेघ, आणि जोत्याच्या वरचा अर्धा फूट तपासा. ओल दिसली तिथे खडूने गोल करून तारखेसह फोटो काढा आणि ती यादी त्याच आठवड्यात लेखी द्या. पुढच्या दर वर्षी मेच्या शेवटच्या आठवड्यात कौलं चाळणं, पागोळ्यांच्या चरीतला पाचोळा काढणं आणि काचेची कौलं पुसणं हे काम कुणाचं, ते समितीच्या ठरावात नावासह लिहा.